माणसाच्या नावापाशी : जर्मानिक भाषांतील षष्ठी



इंग्रजी वारांची नावे आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केली आहेत. ट्यूझडे, वेन्झडे, थर्झडे या तीन नावांत 'डे'च्या आधी 'झ' ऐकू येतो. लिहिताना तिथे 'एस' असतो. संडे, मंडे, फ्रायडे यांत तो नाही. हा 'एस' म्हणजे जुन्या इंग्रजीतला षष्ठीचा प्रत्यय. टीव देवाचा वार तो टीवेस-डॅग, वोडनचा तो वोड्नेस-डॅग, मेघगर्जनेचा देव थुनर, त्याचा वार थुनरेस-डॅग. मग सूर्याच्या वाराला हा प्रत्यय का नाही? कारण जुन्या इंग्रजीत सूर्य स्त्रीलिंगी होता, 'सुन्ने', आणि त्या गटातल्या नामांची षष्ठी 'न'कारान्त होई : सुन्नन. चंद्र पुल्लिंगी, 'मोना'. पण शब्द चालवण्याची तऱ्हा तीच, म्हणून मोनन. फ्रिग ही देवी, तिची षष्ठी नुसत्या 'ए'ने. शनिवार रोमनांच्या सॅटर्नवरून घेतलेला आहे, तो बाजूला ठेवू. तरी एका आठवड्यात षष्ठीच्या तीन तऱ्हा सापडतात, आणि जगभर कोट्यवधी माणसे त्या रोज उच्चारतात.

ज्या सरांच्या स्मृतीला ही व्याख्यानमाला वाहिली आहे, त्यांनी संस्कृत आणि जर्मन या दोन्ही भाषा आयुष्यभर शिकवल्या. विभक्तीचा तक्ता घोकून घेणारे शिक्षक पुष्कळ असतात. सर मात्र तक्त्यातला प्रत्येक रकाना कोणत्या वाक्यात कामाला येतो, हे दाखवल्याशिवाय पुढे जात नसत. म्हणून आजचा विषय मी षष्ठी निवडला, आणि तीही जर्मानिक भाषांतली : इंग्रजी, जर्मन, डच, आफ्रिकान्स, स्वीडिश, नॉर्वेजियन, डॅनिश, आइसलँडिक, फेरोईज. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी या सगळ्यांच्या पूर्वजांची षष्ठी जवळपास एकच होती. आज या भाषा शेजारी मांडल्या तर एका टोकाला चार विभक्ती जपणारी आइसलँडिक दिसते आणि दुसऱ्या टोकाला नामाची एकही विभक्ती न उरलेली आफ्रिकान्स. मधल्या प्रत्येक पायरीवर कोणती ना कोणती भाषा उभी आहे.

मला आज एक गोष्ट सांगायची आहे. या भाषांतली षष्ठी सगळीकडून सारखी ओसरली नाही. ती क्रियापदापासून आधी सुटली, वस्तुवाचक नामांपासून नंतर, आणि माणसाच्या नावापाशी ती सर्वांत जास्त काळ टिकली. जिथे प्रत्यय गेला तिथेही माणसासाठी नवी षष्ठी घडली. अपवाद आहेत, आणि त्यांतला एक मोठा आहे. त्याच्याकडे मी येईनच.

आधी जुने घर किती मोठे होते ते पाहू. चौथ्या शतकात वुल्फिलाने बायबल गॉथिक भाषेत आणले. त्या भाषांतराची चांदीच्या व सोन्याच्या शाईत लिहिलेली एक पोथी आज स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात आहे. त्या गॉथिकमध्ये 'दाग्स' म्हणजे दिवस आणि 'दागिस' म्हणजे दिवसाचा. या 'इस'चे आणि संस्कृतातल्या 'देवस्य'मधल्या 'स्य'चे मूळ एकाच इंडो-युरोपीय प्रत्ययकुळात आहे. तेव्हाच्या षष्ठीला कामेही भरपूर होती. मालकी तर होतीच. शिवाय 'पुष्कळ', 'शंभर' अशा परिमाणवाचक शब्दांनंतर नाम षष्ठीत जाई, 'योग्य', 'भरलेला' अशा विशेषणांबरोबर जाई, काळ-वेळ दाखवायला क्रियाविशेषणासारखे येई. आणि कितीतरी क्रियापदांचे कर्मच षष्ठीत असे : आठवणे, विसरणे, हवे असणे, वाट पाहणे, उपभोगणे.

संस्कृत शिकलेल्यांना हे ओळखीचे वाटेल. तिथेही 'पितुः स्मरति' असे म्हणता येते. स्मरणाच्या धातूंचे कर्म षष्ठीत येण्याची सोय पाणिनीने वेगळे सूत्र करून नोंदवली आहे. पण मुळात त्याने षष्ठीला कारकांत बसवले नाही. कर्ता, कर्म, करण इत्यादींचा क्रियेशी संबंध असतो. त्यांत न मावणारा जो उरलेला संबंध, तो षष्ठीचा. माझ्या मते जर्मानिक भाषांच्या इतिहासाकडे पाहायला याहून चांगली जागा नाही. नामाला नामाशी जोडणे हे षष्ठीचे गाभ्याचे काम, आणि क्रियापदाशी तिचे नाते पाहुणीचे. पाहुणी आधी उठली.

जर्मनमध्ये हे उठणे डोळ्यांदेखत झाले आहे. मध्ययुगीन जर्मनमध्ये षष्ठीत कर्म घेणारी क्रियापदे ढिगाने होती. आज 'गेडेंकेन', म्हणजे आदराने स्मरण करणे, अशी मोजकी उरली आहेत, तीही श्रद्धांजलीच्या सभेत किंवा सरकारी निवेदनात. 'एरिनर्न', म्हणजे आठवणे, पूर्वी षष्ठी घेई. आता त्याला 'आन' हे अव्यय आणि द्वितीया लागते. 'विसरणे' तर पूर्ण सुटले. त्याची खूण एका निळ्या रानफुलाच्या नावात राहिली आहे : 'फेरगिसमाइननिश्ट', 'मला विसरू नकोस'. यातला 'माइन' हा षष्ठीतला 'माझा' आहे. आजच्या व्याकरणाने हे नाव नव्याने ठेवता येणार नाही, पण फूल विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला त्याची काहीच अडचण वाटत नाही.

प्रत्यय का झिजले, हे थोडक्यात सांगतो, कारण ते पुष्कळदा सांगून झाले आहे. जर्मानिक भाषांत आघात शब्दाच्या पहिल्या अक्षरावर स्थिरावला. शेवटची अक्षरे दुबळी झाली. त्यांतले वेगवेगळे स्वर एका अस्पष्ट स्वरात विरघळले. प्रत्यय ओळखूच येईना. त्यात इंग्लंडच्या उत्तर-पूर्वेला नॉर्स बोलणारे लोक वसले, स्कँडिनेव्हियाच्या बंदरांत हान्सा या जर्मन व्यापारीसंघाच्या व्यापाऱ्यांची लो जर्मन शिरली. मुळे सारखी आणि प्रत्यय वेगळे अशा दोन भाषा एका बाजारात आल्या की लोक मुळे धरतात आणि प्रत्यय सोडतात. हे कारण मला पटते; पण सगळा बोजा त्याच्यावर टाकणे मला मान्य नाही. ज्या डोंगराळ जर्मन बोलींना असा बाजार लाभला नाही, त्यांतल्याही बहुतेकींची षष्ठी गेली आहे.

या झिजण्यातून एकच प्रत्यय धडधाकट राहिला, तो म्हणजे 'स'. व्यंजन असल्यामुळे तो स्वरांसारखा विरघळला नाही. जुन्या इंग्रजीत तो फक्त काही पुल्लिंगी व नपुंसकलिंगी नामांच्या एकवचनाला लागे. 'स्तान' म्हणजे दगड, त्याची षष्ठी 'स्तानेस'; पण मुलगा 'सुनु', त्याची 'सुना'; नाव 'नामा', त्याची 'नामन'; आणि वडील 'फॅडर', त्यांच्या षष्ठीला बहुधा काहीच लागत नसे. मध्ययुगात 'स' या सगळ्यांवर पसरला, स्त्रीलिंगी नामांवर आणि अनेकवचनावरही. स्वीडिशमध्ये व डॅनिशमध्ये तेच झाले. जर्मनमध्ये सामान्य स्त्रीलिंगी नामांना तो आजही लागत नाही, तरी 'रात्री' या अर्थी 'नाख्ट्स' म्हणतात. रात्र स्त्रीलिंगी आहे, तिला व्याकरणाने हा 'स' मिळायला नको. पण सकाळ आणि संध्याकाळ या शेजारच्या शब्दांना होता, म्हणून तिने घेतला. आणि मुलीचे नाव आना असेल तर तिचे पुस्तक 'आनास बूख'. माणसाच्या नावापुढे लिंगभेद गळून पडला, हे आपण पुढे लक्षात ठेवू.

आता या 'स'ने केलेली सर्वांत मोठी गोष्ट. तो शब्दाला चिकटायचा तो पदबंधाला चिकटू लागला.

चॉसरच्या काळचा इंग्रज 'इंग्लंडच्या राजाची बायको' हे 'द किंगेस वीफ ऑफ इंग्लंड' असे म्हणे. 'राजा'ला प्रत्यय, मग बायको, आणि 'इंग्लंडचा' हा तुकडा मागे लोंबत राहिलेला. चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे नवी रचना दिसू लागते : 'द किंग ऑफ इंग्लंड्स वाइफ'. इथे 'स' इंग्लंडला लागला आहे, पण बायको इंग्लंडची नाही, राजाची आहे. प्रत्यय आता 'इंग्लंडचा राजा' या सबंध पदबंधाचा झाला. डॅनिश भाषावैज्ञानिक ओटो येस्पर्सन यांनी १८९४ साली 'प्रोग्रेस इन लँग्वेज' या ग्रंथात या समूह-षष्ठीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. एकेकाळी शब्दात मुरलेला, त्यापासून अलग न होणारा प्रत्यय स्वतंत्र होऊ शकतो, ही त्यांची मांडणी होती. भाषा जुनी होते तशी खचते, असे मानणाऱ्या पिढीला त्यांनी दिलेले ते उत्तर होते. आजही स्वतंत्र शब्दाचा प्रत्यय होण्याची, म्हणजे व्याकरणिकीकरणाची, दिशा उलटू शकते का, या वादात ही षष्ठी पहिल्या पुराव्यांत मांडली जाते.

स्वीडिशमध्ये हाच प्रवास झाला. जुन्या स्वीडिशमध्ये नाम, विशेषण, उपपद सगळी षष्ठीत जुळवावी लागत. आता एकच 'स', पदबंधाच्या शेवटी. तिथल्या दुकानांत 'कुंगेन आव दानमार्क्स' या नावाच्या बडीशेपेसारख्या चवीच्या खोकल्याच्या गोळ्या मिळतात : डेन्मार्कच्या राजाच्या गोळ्या. प्रत्यय लागला आहे डेन्मार्कला. व्याकरणाच्या पुस्तकांनी जिच्यावर दीर्घकाळ नाक मुरडले ती रचना गोळ्यांच्या डब्यावर सुखाने नांदते आहे. मुरियल नोर्डे यांनी १९९७ च्या आपल्या प्रबंधात स्वीडिश षष्ठीचा हा इतिहास जुन्या कायद्यांच्या ग्रंथांपासून तपासला. जुने घर मात्र पूर्ण पाडलेले नाही. 'तिल' या अव्ययापुढे पूर्वी षष्ठी येई, म्हणून 'समुद्रावर' आणि 'पायी' या अर्थाच्या ठरीव शब्दप्रयोगांत ती आजही अडकलेली आहे.

मराठी माणसाला पदबंधाच्या शेवटी लागणारी षष्ठी नवी नाही. 'राम आणि लक्ष्मणचे घर' आपण सहज म्हणतो. 'चे' एकदाच, शेवटी. आपला इतिहासही या इतिहासाचा भाऊबंद आहे. झ्यूल ब्लॉक यांच्या ग्रंथाचा वा. गो. परांजपे यांनी केलेला अनुवाद 'मराठी भाषेचा विकास' या नावाने १९४१ साली आला. 'देवाचा'मधल्या 'देवा' या सामान्यरूपात प्राकृतातली जुनी षष्ठीच दडलेली आहे, ही मांडणी त्यात मराठी वाचकाला भेटते. म्हणजे आपलीही षष्ठी झिजली, तिच्या अवशेषावर 'चा' चढला, आणि नवी षष्ठी उभी राहिली.

षष्ठीची आणखी एक वाट मला सगळ्यांत आवडते, ती म्हणजे 'त्याचा'ची वाट. 'बापाला त्याचे घर', अर्थ 'बापाचे घर'. जर्मनमध्ये 'देम फाटर झाइन हाउस'. बहुतेक जर्मन बोलींत षष्ठी गेल्यावर मालकी सांगायला ही रचना आली, आणि ती फार जुनी आहे. मेर्सेबुर्गच्या कॅथीड्रलच्या ग्रंथालयात १८४१ साली गेओर्ग वाइट्झ यांना दोन मंत्र सापडले. पुढल्याच वर्षी याकोब ग्रिम यांनी ते प्रसिद्ध केले. हस्तलिखित दहाव्या शतकातले. दुसऱ्या मंत्रात बाल्डर देवाच्या शिंगराचा पाय मुरगळतो आणि मंत्राने बरा होतो. तिथे 'बाल्डर'ला षष्ठीचा प्रत्यय आहे, पण शिंगरू चतुर्थीत आहे आणि पुढे 'त्याचा पाय' असे आहे. देवाच्या नावाला जुनी षष्ठी, शिंगराला नव्या रचनेची सुरुवात, आणि दोन्ही एका ओळीत. माझ्या आजच्या म्हणण्याला हजार वर्षांपूर्वीचा याहून नेमका पुरावा मी मागू शकत नाही. अभ्यासक असेही बजावतात की ही चतुर्थी तेव्हा 'शिंगराला काय झाले' हे सांगणारी असेल, मालकीची नसेल. तसे असेल तर मालकीची रचना कुठून उगवली हेच आपल्याला तिथे दिसते : माणसाच्या किंवा जनावराच्या शरीराला काही होते, त्याची झळ ज्याला लागते तो चतुर्थीत जातो, आणि हळूहळू तोच मालक ठरतो. घराला किंवा टेबलाला अशी झळ लागत नाही. म्हणून ही रचना सजीवांची राहिली.

इंग्रजीतही तिची चलती होती. बेन जॉन्सनच्या नाटकाचे नाव 'सिजेनस हिज फॉल', म्हणजे सिजेनसचा पाडाव. जॉन डन यांचे १६११ मधले पुस्तक 'इग्नेशियस हिज कॉन्क्लेव्ह'. पुढे निबंधकार ॲडिसन यांनी १७११ साली 'स्पेक्टेटर' या नियतकालिकात षष्ठीचा 'स' म्हणजे 'हिज'चाच उरलेला तुकडा आहे असे लिहिले. ते चूक होते. 'स' हा जुना 'एस'च. पण इतक्या सजग लेखकाला तो वेगळ्या शब्दाचा तुकडा वाटावा, यावरून शब्दापासून तो किती सुटला होता हे कळते.

जिथे हा 'त्याचा' खरोखरच प्रत्ययासारखा झाला ती भाषा म्हणजे आफ्रिकान्स. दक्षिण आफ्रिकेतल्या डचमधून ती घडली आणि १९२५ साली तिला अधिकृत दर्जा मिळाला. डचमधला 'त्याचा' आखडत आखडत एका आखूड 'स'एवढा राहिला आणि बाईसाठी, मुलांसाठी, अनेकवचनासाठी सरसकट तोच आला. त्यात 'तो' राहिलाच नाही. 'तिथे उभा असलेला माणूस' या सबंध पदबंधाच्या, त्यातल्या क्रियापदाच्याही, मागे हा 'स' लावून पुढे 'कुत्रा' म्हणता येते. इंग्रजीचा 'स' शब्दातून सुटून जिथे पोचला, तिथे आफ्रिकान्सचा 'स' स्वतंत्र शब्दातून आखडून पोचला. दोन उलट दिशांनी आलेल्या वाटा एका ठिकाणी मिळाल्या, आणि भाषाविज्ञानात यासारखी सुंदर गोष्ट मला क्वचित भेटली आहे.

नॉर्वेमध्ये 'पेर सिन बील', म्हणजे पेरची गाडी. या षष्ठीला तिथे 'गार्पेगेनितिव' म्हणतात. बर्गन बंदरात राहणाऱ्या हान्सा जर्मन व्यापाऱ्यांना लोक 'गार्प' म्हणत. त्यांच्या बोलीतून ही रचना आली, असा त्या नावात आरोप आहे. लेखनात तिला बराच काळ हलके मानले गेले, तरी बोलण्यात ती पसरतच राहिली. तिच्याकडे मराठी माणसाने मुद्दाम पाहावे, कारण हा 'सिन' पुढच्या नामाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतो : सिन, सि, सित, सिने. आपल्या चा, ची, चे, च्या यांच्यासारखा. इंग्रजीच्या 'स'ला हे माहीत नाही.

डचबद्दल मी फार वेळ घेणार नाही. बोलीतून विभक्ती केव्हाच गेल्या होत्या. सतराव्या शतकापासूनच्या विद्वानांनी लॅटिनचा आदर्श ठेवून लेखनात त्या सांभाळल्या. मंत्री मार्शां यांच्या १९३४ च्या लेखन-सुधारणेने बरेचसे ओझे उतरवले, आणि १९४७ च्या कायद्याने नेदरलँड्समध्ये ते पक्के झाले. पण देशाच्या अधिकृत नावातच 'देर नेदरलांदेन' ही अनेकवचनी षष्ठी आहे. हेग शहराच्या औपचारिक नावात, 'स-ख्रावेनहाखे'त, आरंभीचा 'स' म्हणजे 'देस'चा शेष; अर्थ 'उमरावाचे कुंपण'. रोजच्या बोलण्यात मात्र 'काहीतरी सुंदर' म्हणताना 'इत्स मोइस'मधला शेवटचा 'स' जुन्या षष्ठीचाच आहे, आणि तो नेदरलँड्समध्ये जितका टिकून आहे तितका बेल्जियमच्या फ्लेमिश प्रदेशात नाही.

आता तो मोठा अपवाद. बास्टियान झिक या पत्रकाराचे एक पुस्तक २००४ साली जर्मनीत तुफान खपले. त्याचे नावच 'चतुर्थी ही षष्ठीचा मृत्यू आहे' अशा अर्थाचे, आणि ते मुद्दाम 'षष्ठीला तिचा मृत्यू' या बोलीतल्या रचनेत बांधलेले. पावसामुळे, हे 'वेगेन' या अव्ययाने सांगताना पुढे षष्ठी हवी. लोक चतुर्थी घालतात : 'वेगेन देम रेगेन'. अशी तक्रार पुस्तके खपवते, पण ती अर्धी गोष्ट सांगते. दुसरी अर्धी उलट आहे. 'असूनही' या अर्थाचे 'ट्रोट्स' मुळात चतुर्थी घेणारे. 'ट्रोट्सडेम' या जोडशब्दात ती चतुर्थी अजून आहे. आज प्रमाणभाषेत त्याच्यापुढे षष्ठी येते. 'डांक', म्हणजे 'च्या कृपेने', हेही चतुर्थीतून षष्ठीकडे सरकले. 'नुसार', 'विरुद्ध' अशा अर्थांच्या अव्ययांपुढेही लोक षष्ठी घालू लागले आहेत. बोलीत षष्ठी नसल्यामुळे ती शिकलेल्या माणसाची खूण झाली, आणि खूण म्हणून ती नको तिथेही वाढली. इथे माणसाच्या नावाचा काही संबंध नाही. हे अपवादाचे क्षेत्र लिखित भाषेने, शाळेने आणि कचेरीने उभे केले आहे, असे माझे मत आहे. घरात बोलल्या जाणाऱ्या जर्मनमध्ये त्याचा मागमूस फारसा लागत नाही.

घरातल्या बोलीत काय टिकते, हे पाहायचे तर स्वित्झर्लंडच्या व्हालिस प्रांतातले व्हिस्परटर्मिनेन हे डोंगरावरचे गाव आहे. एलिझा व्हिप्फ यांनी १९१० साली तिथल्या बोलीचे वर्णन केले, आणि त्यात षष्ठी जिवंत होती. बाकीच्या बहुतेक जर्मन बोलींत ती फक्त व्यक्तिनामांना आणि घराण्याच्या नावांना चिकटून राहिली : अमक्याचे शेत, तमक्याचे घर.

नावांचा एक दुसरा, उलट वाटणारा धागा आहे. गटेची वेर्टरवरची कादंबरी १७७४ साली आली तेव्हा शीर्षकात 'वेर्टर्स' असा षष्ठीचा 'स' होता. पुढल्या आवृत्त्यांत तो गळाला. आज बहुतेक लोक 'देस युंगेन वेर्टर' म्हणतात. आधी उपपद आले की षष्ठी तेच दाखवते आणि नाव जसेच्या तसे ठेवले जाते. डामारिस न्यूब्लिंग यांनी हे नीट उलगडले आहे : नावाचे रूप मोडू नये, ऐकताक्षणी ओळखू यावे, याकडे भाषेचा कल असतो. मग आनाच्या पुस्तकात 'स' का? कारण तिथे उपपद नाही, षष्ठी दाखवायला दुसरे काहीच नाही; आणि तो 'स' नावाच्या आत काही बदलत नाही, बाहेर चिकटतो. लिहिताना लोकांना तिथे ॲपॉस्ट्रफी घालावीशी वाटते ती यामुळेच. शुद्धलेखनाच्या कैवाऱ्यांनी तिच्यावर खूप राग काढला. २०२४ च्या नियमावलीने दुकानांच्या नावांत तिला उघड परवानगी दिली. मला हा निर्णय योग्य वाटतो. मराठीतही आपण 'गोविंदाचे', 'केशवाने' म्हणत होतो, आणि आता नावांना सामान्यरूप न करता 'गोविंदचे', 'केशवने' म्हणतो. सामान्य नामाला मात्र 'घराचे', 'दगडाने' असेच. प्रेरणा तीच : माणसाचे नाव अभंग ठेवायचे.

इंग्रजीत 'स' आणि 'ऑफ' शेजारी नांदतात. चार्ल्स फ्राइज यांनी मांडलेल्या आकड्यांत दहाव्या शतकाच्या आरंभी 'ऑफ'ची षष्ठी एक टक्कासुद्धा नाही. चौदाव्या शतकात ती ८० टक्क्यांच्या वर गेलेली आहे. त्या गतीने 'स' संपायला हवा होता. तो संपला नाही, कारण माणसांनी त्याला धरून ठेवले. आनेटे रोझेनबाख यांनी २००२ च्या ग्रंथात दाखवले की बोलणारा कोणती षष्ठी निवडेल हे मालक सजीव आहे का, त्याचा उल्लेख आधी झाला आहे का, आणि संबंध नात्याचा, शरीराचा किंवा खऱ्या मालकीचा आहे का, यांवर ठरते. लांबीही मोजावी लागते. छोटे आधी, लांब मागे, हा ओटो बेहागेल यांनी १९०९ साली मांडलेला नियम इथेही लागू पडतो : मालकाचे वर्णन लांबले की तो 'ऑफ'मागे जातो.

पण वर्तमानपत्रांनी या चित्रात भर घातली आहे. ब्राउन विद्यापीठात १९६१ मधल्या छापील मजकुराचा दहा लाख शब्दांचा संग्रह केला गेला. त्याच धर्तीवर तीस वर्षांनंतरच्या मजकुराचा संग्रह झाला, आणि ब्रिटिश इंग्रजीचेही तसे दोन आहेत. लार्स हिन्रिक्स आणि बेनेडिक्ट स्मरेचान्यी यांनी २००७ साली या चारांतील बातम्या तपासल्या, तेव्हा 'स' वाढलेला दिसला. शहरे, कंपन्या, सरकारे यांनाही तो लागतो. मथळ्यात जागा कमी, 'ऑफ द' लिहायला शब्द जास्त, हे कारण आहेच. मला आणखी एक दिसते : बातमीत सरकार बोलते, कंपनी रागावते, शहर शोक करते. ज्यांना 'स' मिळतो त्यांत माणसासारखे वागवले जाणारे पुष्कळ आहेत. सगळे मात्र तसे नाहीत, आणि माझे विधान तिथे ताणले जाते हे मी मान्य करतो.

उत्तर अटलांटिकमधल्या दोन भाषांकडे वळून थांबतो. फेरो बेटांवरची भाषा हामर्सहाइम्ब यांनी १८४६ मध्ये लिपिबद्ध केली, आणि व्याकरणांत षष्ठीचा रकाना ठेवला गेला. बोलणाऱ्यांच्या तोंडून ती जवळजवळ गेलीच होती. मालकी 'च्या जवळचा' अशा अव्ययाने सांगतात. पण वडिलांची होडी, आईचे घर असे बोलताना 'सा' हा वेगळाच प्रत्यय लागतो, आणि तो लागतो नावांना आणि नात्यांना.

आइसलँडमध्ये षष्ठी शाबूत आहे, तरी तिच्यातही हालचाल आहे. काही स्त्रीलिंगी नामांची षष्ठी 'आर'ने व्हायला हवी तिथे लोक 'उ' लावतात. तिथले भाषाप्रेमी याला षष्ठीपासूनचे पलायन म्हणतात आणि काळजी करतात. हे पलायन मुख्यतः भाववाचक नामांत आहे. नावांत नाही, कारण तिथे आडनाव म्हणजेच षष्ठी. योनचा मुलगा योन्सॉन, ब्यार्नीचा ब्यार्नासॉन, सिगुर्दुरचा सिगुर्दारसॉन. १९८० ते १९९६ या काळात राष्ट्राध्यक्ष असलेल्या व्हिग्दिस फिनबोगादोत्तिर, म्हणजे फिनबोगी यांची कन्या. 'फिनबोगा' ही त्या नावाची षष्ठी. आईच्या नावावरूनही चालते : हेल्गाची मुलगी हेल्गुदोत्तिर. १९९१ मध्ये नावांची समिती नेमली गेली, आणि १९९६ च्या कायद्यात अट आहे की नव्या नावाला आइसलँडिक षष्ठीचा प्रत्यय लागू शकला पाहिजे, किंवा ते नाव परंपरेने रुळलेले असले पाहिजे. विभक्तीची अशी अट घालणारा कायदा मला दुसरा माहीत नाही, आणि ती अट व्यवहाराची आहे : आज ठेवलेले नाव उद्या कुणाच्या तरी बापाचे किंवा आईचे नाव होणार, तेव्हा त्याची षष्ठी लागेलच. २०१९ साली लिंगविषयक स्वायत्ततेचा कायदा झाला. आपली नोंद स्त्री किंवा पुरुष अशी न करणाऱ्यांना 'सॉन' आणि 'दोत्तिर' यांच्याऐवजी 'बुर' हा शब्द घेण्याची मुभा त्याने दिली. त्याचा अर्थ मूल. योनचे मूल असेल तर योन्सबुर. मुलगा, मुलगी की नुसते मूल, हे ज्याचे त्याने ठरवावे, एवढे त्या कायद्याने मोकळे केले. 'योन'पुढचा 'स' होता तिथेच ठेवला.